वरची पायरी

जन्नूननं लोखंडी खांबाला लाल फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मागे वळून आईला म्हणाला,

"या फडक्याकडे बघायचं. दुसरीकडे कुठेही बघायचं नाही."

हसीबानं मान हलवली. कालपासून त्यानं हे सहाव्यांदा सांगितलं होतं. एप्रिलचं ऊन अजून कोवळं होतं, तरी काळ्या अबायाच्या आत तिची पाठ भिजली होती. समोर दिजला नदी डोंगरातल्या बर्फाचं पाणी घेऊन गढूळ, फुगलेली वाहत होती. आणि नदीच्या अलीकडे, जिथे तिनं सेहेचाळीस वर्षं संसार केला, तिथे सपाट केलेली जमीन होती आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा. लढाई संपल्यावर बुलडोझर आले तेव्हा मोसुलच्या या काठावरच्या भिंती, चुली, छपरं सगळी त्यांनी नदीत लोटून दिली होती. नदी लांब गेली, असं लोक म्हणायचे. नदी कुठे जाते? घरंच तिच्यात जाऊन बसली होती.

गोष्ट सगळी नऊ पावलांची होती. हसीबाचं घर आणि शेजारच्या वर्दियाचं घर यांच्यामधून एक दगडी जिना नदीवर उतरायचा, एकोणीस पायऱ्यांचा, आणि तोच दोन्ही घरांची हद्द. घरातले कागद जळाले, सरकारी दप्तर जळालं, जिना ढिगाऱ्याखाली गेला. आता नव्या नदीकाठाचा नकाशा आला होता. वरच्या अंगाला, नदी येते त्या बाजूला, हसीबाच्या घराकडे पुलाकडे जाणारा रस्ता; खालच्या अंगाला, वर्दियाच्या घराकडे, बाग. मध्ये उरलेल्या पट्ट्यात ज्याच्या वाट्याला पन्नास चौरस मीटरहून कमी जागा येईल त्याला इथे घर बांधता येणार नव्हतं. त्यानं शहराबाहेरच्या नव्या इमारतीत खोल्या घ्यायच्या. जिना खांबापाशी होता असं ठरलं, तर जन्नूनचं घर उभं राहत होतं. नऊ पावलं वरच्या अंगाला ठरला, तर वर्दियाचं. दोघींचंही राहील एवढी जमीन कुणी शिल्लकच ठेवली नव्हती.

जन्नून पलीकडच्या तीरावर भाड्याच्या दोन खोल्यांत आई, बायको आणि तीन मुलं घेऊन राहायचा. चौथा, सगळ्यात मोठा इदरीस, याच जागेवर छताखाली गेला होता. त्याला बाहेर काढायला अकरा दिवस लागले. तेव्हापासून जन्नून दर शुक्रवारी इथे येऊन नुसता बसायचा. शहराबाहेर चौथ्या मजल्यावर मला झोप येणार नाही, एवढंच तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात खांबाजवळ उकरताना त्याला करड्या संगमरवराचा एक लांबट दगड सापडला होता, मधोमध झिजलेला. त्यानं तो टोपलीत घालून आईपुढे आणला. हसीबानं त्याच्यावरून हात फिरवला. पायरीच होती, यात शंका नव्हती.

"आणि वास?" तिनं विचारलं होतं.

"कसला वास?"

"जिन्यापाशी यायचा. गंधकाचा."

"आई, आठ वर्षं झाली. इथे कसले कसले वास येऊन गेले."

मग तिनं पुन्हा विचारलं नाही. बुलडोझरनं कुठला दगड कुठे नेऊन टाकला हे त्या बुलडोझरवाल्यालाही सांगता आलं नसतं, हे तिला कळत होतं. पण विचारणं सोडलं की माणसाला हळूहळू पटत जातं. हिवाळा सरेस्तोवर ती सुनेला आपणहून सांगू लागली होती, की हो, खांबापाशीच होता आपला जिना, मला चांगला आठवतो.

धूळ उडवत एक पांढरी गाडी आली. गाडीतून आधी वर्दियाचा भाचा बहनाम उतरला, त्यानं डिकीतून प्लास्टिकची खुर्ची काढली, चुन्याच्या रेघेजवळ मांडली, आणि मग मागचं दार उघडून मावशीला हात दिला. वर्दिया काठी टेकत आली. केस पांढरे शुभ्र, गळ्यात बारीक सोनेरी क्रूस, पायांत पुरुषी चपला. अकरा वर्षांपूर्वी ती या शहरातून गेली, तेव्हापासून अंकावा या गावी भाच्याकडे राहत होती. दोघी समोरासमोर आल्या आणि थांबल्या.

"जाड झालीस," वर्दिया म्हणाली.

"तू कुठली वाळलीस?"

"मी वाळलेय. डोळे तपासून घे."

एवढंच झालं. खुर्चीवर बसताना वर्दियानं तिच्या कोपराला धरलं आणि धरलेला हात लगेच सोडला नाही. जन्नून ते बघत होता. त्यानं खाकरून घसा साफ केला.

जागांचे दावे ठरवणाऱ्या समितीचा अधिकारी उस्ताद रअद सावलीसाठी कपाळावर फाइल धरून उभा होता. मोजणीदारानं फीत काढून ठेवली होती. रअदनं दोन्ही बाजूंना पुन्हा सगळं समजावून सांगितलं, कारण तसं सांगावं लागतं. कागद नाही, साक्षीदार उरलेला नाही. वर्दियाच्या बाजूनं दावा होता, पण पुरावा नव्हता. तेव्हा कायद्यात असतो तो शेवटचा उपाय तिनं केला होता. तिनं निर्णायक शपथ हसीबावर टाकली होती. हसीबा कुराणावर हात ठेवून जिथे सांगेल तिथे जिना. पुढे तक्रार नाही, अपील नाही.

हे कळवणारं पत्र घरी आलं त्या दिवशी जन्नून हसला होता, कित्येक महिन्यांनी. म्हातारीला चळ लागलाय, तो बायकोला म्हणाला, आपल्या हातानं दार उघडून दिलं आपल्याला. बहनामच्या वकिलाचंही तेच मत होतं म्हणतात. वर्दियानं त्याला एकच उत्तर दिलं होतं, की हसीबा शपथेवर सांगेल ते मला पुरे. हसीबाला मात्र त्या दिवसापासून धड झोप लागली नव्हती. वर्दियानं भांडण केलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर शपथ घेणं किती सोपं गेलं असतं.

रअदनं पिशवीतून हिरव्या कापडात गुंडाळलेलं कुराण काढलं.

"वजू करून येते," हसीबा म्हणाली. कुराणाला हात लावण्याआधी हात, तोंड, पाय धुवायलाच हवे होते.

जन्नून गाडीतून पाण्याची बाटली आणायला वळला. तिनं त्याला थांबवलं.

"नदी समोर असताना बाटलीतलं पाणी?"

"उतरायला जागा नाहीये तिथे. पडशील."

"ओली लोकर डोक्यावर घेऊन चढलेय मी इथून. तू पोटात होतास तेव्हा."

त्याच्या ओठांवर नाही आलं होतं, पण सगळे बघत होते. तो बाजूला झाला.

खांबाच्या खाली उतार अगदीच वाईट होता. सिमेंटचे ठोकळे आणि त्यांतून वर आलेल्या वाकड्या सळ्या. हसीबानं अबाया गुडघ्यापाशी मुठीत धरला आणि पाय ठेवायला जागा शोधत ती काठाकाठानं वरच्या अंगाला सरकली. एक पाय इथे, मग बाजूला, मग बसून खाली. ती खाली बघत नव्हती. एका हातानं दगड धरत, दम खात, ती पाण्यापाशी पोचली तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की आपण कुठून उतरलो ते आपल्याला ठाऊक नाही.

पूर्वी हे उतरणं म्हणजे सण असायचा. निसान, म्हणजे एप्रिल महिना लागला, की गल्लीतल्या बायका गाद्या उसवून आतली लोकर काढायच्या आणि नदीवर आणायच्या. एप्रिलात सात पायऱ्या पाण्याखाली असत, ऑगस्टात एकोणीसच्या एकोणीस उघड्या, आणि त्यांच्यापुढे वाळूवर लावलेली कलिंगडं. सासू सांगायची, की तिच्या लहानपणी फुगवलेल्या कातड्यांचे तराफे वरून लाकडं घेऊन येत आणि माणसं कातडी गाढवावर लादून परत जात. हसीबानं ते पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं ते पुढचं. काठच्या वाळूवर सिमेंटचा बांध आला, बांधावर रंगीत दिव्यांची चहाची दुकानं आली, मग नदीकाठी कुणी जायचं नाही अशी वर्षं आली. आता पलीकडे, पुलाच्या खाली, पांढऱ्या फरशांचा नवा रस्ता चकाकत होता. संध्याकाळी तिथे तरुण पोरी फोटो काढायला येतात, असं सून सांगायची. त्यांना वाटत असेल, नदीकाठ म्हणजे हाच.

लग्न होऊन आली त्या वर्षी पहिल्याच दिवशी हसीबा लोकर धुवायला हातातल्या चांदीच्या कड्यासकट पाण्यात शिरली होती. घटकाभरात कडं काळं पडलं. ती सतरा वर्षांची. तिला वाटलं, अपशकुन झाला, आता सासू माहेरी पाठवणार. ती धोपाटणं टाकून रडायलाच लागली. शेजारच्या घरची सून, दोन वर्षं आधी आलेली, कमरेएवढ्या पाण्यातून तिच्याजवळ आली आणि आधी पोटभर हसली. जिन्याच्या बुडाशी गंधकाचा झरा आहे, तिनं सांगितलं. चांदी खाली न्यायची नाही. घरून राख आणि लिंबू आणून वर्दियानं ते कडं घासून दिलं आणि कुणाला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दोघींचा नेम होता. कडी काढून वरच्या पायरीवर ठेवायची आणि मग उतरायचं. सासू वरून ओरडायची, की चांदी अशी उघड्यावर टाकता, कुणी उचलून नेईल. दोघी खालून एकच उत्तर द्यायच्या.

"राहू दे. वर येताना घेतो."

हसीबानं बाह्या सरकवल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही हात मनगटांच्या वरपर्यंत पाण्यात घातले. पाणी बर्फासारखं गार होतं. पण बोटांच्या मधे कुठेतरी एक कोमट धार लागत होती. तिनं हात चोळले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं म्हणून तिनं काल रात्री कडं राख लावून घासलं होतं. आरशासारखं झालं होतं. ते आता पिवळट दिसत होतं. तिनं हात बाहेर काढला नाही. दगडाला धरून ती तशीच वाकून बसली. पिवळ्याचा तांबूस रंग झाला, तांबूसचा काळपट. मग तिला वासही आला. फार नाही, उकडलेलं अंडं सोललं की येतो तेवढा.

तिनं वळून पाहिलं. खालच्या अंगाला, उतारावर, लाल फडकं वाऱ्यानं हलत होतं. पावलं मोजायची गरज नव्हती.

"आई!" वरून जन्नूनचा आवाज आला. "झालं का?"

तिनं कडं अबायाच्या टोकानं घासलं. जोर लावून घासलं. काळेपणा जाईना. पाण्याचं काय, तिनं मनाशी म्हटलं, पाणी कुठूनही झिरपतं. एवढा ढिगारा पडला, झऱ्यानं वाट बदलली असेल. हे म्हणतानाच तिला कळत होतं, की ही जन्नूनची वाक्यं आहेत. पण जन्नून तिचा मुलगा होता. आणि इदरीस वर होता, त्या चुन्याच्या रेघांमध्ये कुठेतरी, जिथे त्याचा बाप दर शुक्रवारी येऊन बसतो. शपथ खोटी घेतली तर तिचा हिशेब अल्लाशी होता. ती बाहत्तर वर्षांची होती. हिशेब लांब नव्हता, पण एकटीचा होता. तो आपण एकटीनं भोगू, तिनं ठरवलं. तिनं बाही मनगटाच्या खाली ओढली आणि तिचं टोक बोटांत घट्ट धरलं. तोंड न धुता, पाय न धुता ती वर चढली.

वर सगळे होते तसेच उभे होते. जन्नून खांबापाशी गेला होता आणि त्यानं खांबावर हात ठेवला होता, जणू तो पळून जाणार होता. रअदनं कापड सोडलं. हसीबा पुढे आली. तिला वर्दियाच्या खुर्चीजवळून जावं लागलं, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं.

वर्दिया तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती तिच्या बाहीकडे बघत होती. ऊन तापलं होतं, दुसरी बाही कोपरापर्यंत वर होती आणि ही एक बोटांत आवळून धरलेली.

"हाताला लागलं का?" वर्दियानं विचारलं.

"नाही."

"खरचटलं असेल."

"नाही म्हटलं ना."

वर्दियानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एकदा नदीकडे पाहिलं. मग रअदला म्हणाली,

"उस्ताद, शपथ नको."

"म्हणजे?"

"मी मागे घेते. ती नुसतं सांगेल तिथे जिना. कुराण ठेवा तुम्ही."

बहनाम पुढे धावला. मावशी, काय बोलतेयस, तो म्हणाला, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रअदनं तिला समजावलं, की शपथ मागे घेतली तर तिच्या दाव्यात काही उरत नाही, समोरचीनं हवं तिथे बोट दाखवावं आणि यांनी लिहावं. हे तिला कळतंय का, असं त्यानं दोनदा विचारलं.

"कळतंय. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही."

बहनाम तरातरा गाडीकडे निघून गेला. जन्नूननं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. हसीबा जागच्या जागी उभी होती. सुटले, असं वाटायला हवं होतं. खोट्या शपथेचं ओझं तिच्या मानेवरून कुणीतरी अलगद उचललं होतं, आणि ते कुणी उचललं हे तिला ठाऊक होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या जुलै महिन्यात शहर बळकावलेल्या बंदूकवाल्यांनी वर्दियाच्या दारावर, ख्रिस्ती घर म्हणून, रंगानं खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दिया एक पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. आमच्याकडे ये, लपून राहा, असं म्हणायला हसीबा बाहेर आली होती. शब्द तोंडापर्यंत आले होते. गल्लीच्या टोकाला त्यांचीच दोन माणसं उभी होती. तिच्या तोंडून काही निघेना, आणि तेव्हा वर्दियाच म्हणाली होती, हळू आवाजात, दटावल्यासारखी: आत जा तू, तुला माझ्याशी बोलताना कुणी बघायला नको. आणि हसीबा आत गेली होती. दाराला कडी लावून तिनं कडीवर पाठ टेकली होती.

"हाजिया," रअद म्हणाला, "सांगा. कुठे होता जिना?"

हसीबा चालू लागली. ती जन्नूनकडे गेली. त्याचा चेहरा सैल झाला, अगदी लहानपणी व्हायचा तसा, आणि त्यानं खांबावरचा हात काढून तिला जागा करून दिली. तिनं त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"आई, हा खांब," तो हळूच म्हणाला.

"दिसतोय मला."

"मग सांग ना."

"इदरीस आपल्याबरोबर येईल रे," ती म्हणाली. "आपण जाऊ तिथे येईल. तो काय यांच्या फितीनं मोजलेला आहे?"

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं तिचा हात धरला, आणि बाही वर सरकली, आणि काळं पडलेलं कडं त्याला दिसलं. त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. पण काल रात्री चुलीपाशी बसून आई ते किती वेळ घासत होती, ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं हात सोडला.

हसीबा खांबाकडे पाठ करून वरच्या अंगाला चालत गेली. नऊ पावलं झाली तिथे ती थांबली, पायानं जमीन चाचपली, पुन्हा अर्धं पाऊल मागे आली. कडं सांध्यापाशी अडकलं. तिनं थुंकी लावून, ओठ आवळून ते ओढून काढलं, गुडघ्यावर हात देत वाकली आणि जमिनीवर ठेवून दिलं.

मोजणीदार फीत घेऊन जवळ आला. हे काय, त्यानं रअदला विचारलं, आणि रअदनं खांदे उडवले.

"इथे लिहू का, हाजिया?" रअद म्हणाला. "इथे होता?"

"कुराण आत ठेवू नका," हसीबा म्हणाली. "शपथ घेऊनच सांगते. माझा वजू अर्धा राहिलाय."

आणि अबाया मुठीत धरून ती पुन्हा उतारावर दिसेनाशी झाली, या वेळी न चाचपडता.

मोजणीदार कड्याभोवती घुटमळत होता. कोळशासारखं काळं झालं होतं, पण वजनावरून चांदी कळत होती. रस्त्यावरून माणसं ये-जा करत होती. तो काठाशी जाऊन ओरडला, "हाजिया, तुमचं कडं! कुणी उचलून नेईल."

खालून पाण्याचा आवाज तेवढा आला. उत्तर खुर्चीतून आलं.

"राहू दे," वर्दिया म्हणाली. "वर येताना घेईल ती."

जन्नून अजून खांबापाशीच होता. मग त्यानं लाल फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती त्यानं दोनदा ओढलेली होती, लवकर सुटत नव्हती.